एक गडी कमी पडतोय

खो-खोच्या मैदानावर फक्की मारायचं काम कोणालाच नको असतं. हात पांढरेफटक होतात, वारा सुटला की नाकातोंडात जातं आणि तासाभराच्या धावपळीत सगळ्या रेघा पुसल्याही जातात. तालुक्याच्या गावी शिक्षक असताना मी शाळेमागच्या मैदानावर संध्याकाळी साडेपाचपासून सराव घ्यायचो. फक्कीची पाळी ठरवून दिलेली असायची आणि ज्याची पाळी त्याचं पोट नेमकं त्याच दिवशी दुखायचं.

एका वर्षी नववीतला एक मुलगा मैदानाच्या कडेला, कडुलिंबाखाली येऊन बसायला लागला. खेळणाऱ्यांच्या चपला आणि दप्तरं त्याच्या ताब्यात. ‘ये की आत,’ म्हटलं तर नुसता हसायचा. दीडेक महिना असाच गेला. मग एकदा फक्कीवाल्याचं पोट दुखलं, तेव्हा मी घमेलं याच्यापुढे नेऊन ठेवलं. त्याने सुतळी ताणून अशा सरळ रेघा मारल्या की टवाळी करायला टपलेली पोरं गप्प झाली. दुसऱ्या दिवसापासून ते काम त्याचंच झालं. पुढे कधीतरी बसायला एक जण कमी होता आणि हा फक्कीचे हात चड्डीला पुसत पाटीत जाऊन बसला. तो दिवस कोणता, ते माझ्याही लक्षात राहिलं नाही.

सहामाहीचा निकाल लागला आणि तो यायचा बंद झाला. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. मी मनाशी म्हटलं, घरच्यांनी बंद केलं असणार. चौथ्या दिवशी मुलंच त्याला घेऊन आली. तो तीन विषयांत नापास झाला होता, प्रगतिपुस्तक घरी दाखवलेलं नव्हतं आणि दिवेलागणीपर्यंत तो एसटी स्टँडच्या बाकावर बसून राहायचा. ‘काय सांगून आणलंत रे?’ मी विचारलं. मला वाटलं, समजूत घातली असेल, धीर दिला असेल. आमचा कप्तान म्हणाला, ‘काही नाही सर. म्हटलं, चल, एक गडी कमी पडतोय.’

या पुस्तकाची टंकलिखित पानं माझ्याकडे आली तेव्हा वाचता वाचता मला ते वाक्य पुन्हापुन्हा ऐकू येत होतं. पुस्तक कुमारवयातल्या मुलामुलींच्या मोकळ्या वेळाबद्दल आहे. त्या वेळाला कोणीतरी आकार दिला, त्यात खेळ, नाटक, गाणं, गिर्यारोहण, वस्तीतलं वाचनालय असं काही नियमाने घडू लागलं, तर त्या मुलांच्या मनाला आणि शरीराला काय लाभतं, हा त्याचा विषय. वेगवेगळ्या गावांत अशी कामं करणाऱ्यांनी ते लिहिलं आहे. प्रस्तावना लिहिणाऱ्याने वाचकाला दारापर्यंत न्यावं आणि बाजूला व्हावं, हे मला मान्य आहे. पण आत शिरण्याआधी विषयाची जमीन थोडी चाचपून घेतली तर पुढची वाट सोपी होईल.

आधी शब्दांचं बघू. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वर्षं या वयाला किशोरवय म्हणते. २०११च्या जनगणनेनुसार आपल्या देशात या वयाची मुलं-मुली सुमारे २५ कोटी होती. या वयाचा माणूस घरात लहान असतो आणि कामाला मोठा. ‘तू गप्प बस, तुला काय कळतंय’ आणि ‘एवढा घोडा झालास, कळत नाही?’ ही दोन्ही वाक्यं त्याला एकाच दिवशी, बहुधा एकाच माणसाकडून ऐकावी लागतात.

‘संघटित’ या शब्दाने दचकायला नको. गणवेश, शिट्टी, रांगा असं काही त्यात असलंच पाहिजे असं नाही. ठरलेली जागा, ठरलेली वेळ, चार नियम, लक्ष ठेवणारं एखादं मोठं माणूस आणि दिवसेंदिवस थोडं थोडं वाढत जाणारं कसब एवढं असलं की उपक्रम संघटित झाला. त्यात आणखी एक अट मी घालीन, ती म्हणजे मुलाने आपणहून आलेलं असणं. ही अट निघाली की बाकी सगळं शिल्लक राहूनही गाभा जातो. तो कसा, ते पुढे येईल.

आणि ‘स्वास्थ्य’. हा शब्द आपण दवाखान्याला देऊन टाकला आहे. मुळात तो किती नेमका आहे बघा. स्वतःत स्थित असणं म्हणजे स्वस्थ असणं. या वयात नेमकं तेच अवघड होतं, कारण ज्या ‘स्व’मध्ये राहायचं ते घरच बांधून व्हायचं असतं.

हा विषय बाहेरून आलेला आहे असं काहींना वाटतं. महाराष्ट्रात तरी तसं म्हणायला जागा नाही. ‘तालीम’ हा एकच शब्द आपण कुस्तीच्या आखाड्यालाही वापरतो आणि नाटकाच्या सरावालाही. शरीर आणि कला दोन्ही एकाच शिस्तीने घडतात, हे भाषेला आधीच ठाऊक होतं. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४चं, पुण्याचं महाराष्ट्रीय मंडळ १९२४चं, दादरचं समर्थ व्यायाम मंदिर १९२५चं. खो-खोचे नियम बसवायला डेक्कन जिमखान्यावर पहिली समिती बसली ती १९१४च्याच सुमारास. पारतंत्र्यातल्या त्या पिढीला पोरांच्या संध्याकाळी महत्त्वाच्या वाटत होत्या. हेतू उघड राष्ट्रीय होता, ताकद कमावण्याचा होता. पण त्या निमित्ताने गल्लोगल्ली अशी जागा तयार झाली जिथे चौदा वर्षांच्या मुलाला वीस वर्षांचा ‘दादा’ लंगोट कसायला शिकवायचा आणि त्याचं घरचं कसं चाललंय हेही त्याला माहीत असायचं.

१९४१ साली राष्ट्र सेवा दल उभं राहिलं. त्याच्या शाखांवर मुलगे आणि मुली एकत्र खेळत, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. कलापथकाने त्यात गाणी, लोकनाट्यं आणली. निळू फुले आणि स्मिता पाटील दोघांच्याही घडणीत सेवा दलाचा वाटा आहे. १९५९मध्ये सुधा करमरकरांनी ‘लिट्ल थिएटर’ सुरू केलं आणि मुलांच्या नाटकाला मोठ्यांच्या नाटकासारखा रंगमंच, नेपथ्य, प्रकाश मिळाला. १९६३पासून पुण्यात पुरुषोत्तम करंडक चालू आहे. त्या स्पर्धेतून नावाजलेले नट बाहेर पडले हे सगळ्यांना माहीत असतं. पण दर वर्षी पडदे ओढणारी, प्रॉपर्टी सांभाळणारी, प्रॉम्प्टिंग करणारी जी शेकडो पोरं पुढे कधीच रंगमंचावर गेली नाहीत, त्यांना विचारा. कॉलेजचं काय आठवतं म्हटलं तर ती तालमीच्या रात्री सांगतील.

हीच धारा नव्या रूपात आजही दिसते. नागपुरात क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना पावसात झोपडपट्टीतली मुलं फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना दिसली आणि २००१मध्ये त्यातून झोपडपट्टी फुटबॉल उभा राहिला. ‘झुंड’ चित्रपटामुळे ही कथा आता घरोघरी पोचली आहे. ठाण्यात रत्नाकर मतकरींनी उतारवयात ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू करून वस्त्यांमधल्या मुलांना स्वतःच्या जगण्यावर स्वतः नाटिका बसवायला लावल्या. एकीकडे चेंडू आणि दुसरीकडे नाटक, तरी काम एकच. ज्या मुलाला शाळेच्या वर्गात मागचा बाक मिळतो, त्याला इथे एक जागा मिळते आणि ती त्याच्यावाचून रिकामी दिसते.

आता अभ्यासकांचं म्हणणं ऐकू. रीड लार्सन आणि मिहाय चिक्सेंटमिहाय या दोघांनी शिकागोजवळच्या ७५ किशोरवयीन मुलामुलींना आठवडाभर पेजर देऊन ठेवले. दिवसातून केव्हाही तो वाजायचा आणि त्या क्षणी आपण काय करतो आहोत, मन कसं आहे, लक्ष लागतंय का, हे त्यांनी लिहायचं. १९८४मध्ये त्यांचं पुस्तक आलं. लार्सन यांनी पुढे अशा नोंदींचा जो अर्थ लावला तो मला फार उपयोगी वाटतो. वर्गात बसलेल्या मुलाला लक्ष द्यावं लागतं, पण तिथे असण्याची इच्छा नसते. मित्रांबरोबर उंडारताना किंवा टीव्हीपुढे इच्छा भरपूर असते, पण लक्ष कुठेच लागत नाही. इच्छा आणि एकाग्रता या दोन्ही गोष्टी एका वेळी सापडतात त्या खेळात, वाद्यवृंदात, नाटकात, म्हणजे आपण निवडलेल्या पण नियमांनी बांधलेल्या कामात. मोठेपणी माणसाला जे काम नीट करायचं असतं त्यासाठी या दोन्हींची जोडी लागते. ती जुळवून बघायला या वयात दुसरी जागा नाही.

नुसती जागा दिली की काम होतं, असं मात्र नाही. स्वीडनमध्ये सरकारी खर्चाने युवककेंद्रं आहेत. संध्याकाळी उघडतात, आत टेबल टेनिस, बिलियर्ड्स, गाणी, कॉफी. कोणी काही शिकवत नाही, कोणी काही मागत नाही. जोसेफ महोनी आणि होकान स्टॅटिन यांनी १४ वर्षांच्या सुमारे ७०० मुलामुलींची पाहणी २०००मध्ये प्रसिद्ध केली. नियमाने चालणाऱ्या, शिकवणाऱ्या उपक्रमांत असलेली मुलं गैरवर्तनात कमी आढळली आणि त्या मोकळ्याढाकळ्या केंद्रांत रमणारी मुलं जास्त. केंद्रांमुळे मुलं बिघडली की बिघडलेलीच तिथे जात होती, हा वाद राहतोच. पण गावोगावी समाजमंदिर बांधून कॅरम ठेवला की युवककल्याण झालं असं मानणाऱ्या आपल्या लोकप्रतिनिधींनी ही पाहणी वाचावी. कॅरमला चार जण लागतात हे खरं, पण उद्या त्यातला एक आला नाही तर पाचवा बसतो आणि खेळ चालू राहतो.

आइसलंडची कथा आता जगभर सांगितली जाते. सारा देश मिळून सुमारे ४ लाख वस्तीचा. १९९८मध्ये तिथली १५-१६ वर्षांची ४२ टक्के मुलं सांगत होती की गेल्या महिन्याभरात आपण दारूच्या नशेत होतो. २०१६मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. रोज सिगारेट ओढणारे २३ टक्के होते, ते ३ टक्के झाले. या काळात तिथे बऱ्याच गोष्टी एकदम झाल्या. दर वर्षी शाळाशाळांतून मुलांना प्रश्न विचारले गेले आणि उत्तरं त्याच गावातल्या पालकांपुढे ठेवली गेली. रात्री उशिरा मुलांनी बाहेर राहू नये असा कायदा झाला आणि पालक गटाने रस्त्यांवर फेऱ्या मारू लागले. राजधानीत मुलांच्या छंदासाठी घरोघरी ठरावीक रक्कम मिळू लागली. खेळांचे प्रशिक्षक नीट शिकलेले नेमले गेले. यातलं नेमकं कशाने किती साधलं हे वेगळं काढणं कठीण आहे. मला त्यात भावतं ते असं की मुलांना ‘दारू वाईट’ असं व्याख्यान देण्यावर त्यांनी फार भर दिला नाही. संध्याकाळी सहा वाजता जाण्यासारखं एक ठिकाण दिलं आणि तिथे जाण्याचा खर्च उचलला.

इथे आपल्याकडचा एक संवाद आठवतो. जून महिन्यात तो मी दर वर्षी ऐकला. आई शाळेच्या फाटकाशी थांबायची, चप्पल घातलेल्या पायाचा अंगठा जमिनीवर घासत म्हणायची, ‘सर, उद्यापासून नाही येणार तो. दहावी आहे ना आता.’ मी म्हणायचो, ‘वहिनी, तासभराचाच प्रश्न आहे.’ ती म्हणायची, ‘यांचं म्हणणं आहे हो.’ पुढे बोलण्यासारखं काही उरायचं नाही. मुलगा तिच्यामागे उभा राहून मैदानाकडे बघत असायचा.

सुमन वर्मा आणि सहकाऱ्यांनी चंडीगडमधल्या आठवीच्या मध्यमवर्गीय मुलांचा असाच वेळोवेळच्या नोंदींचा अभ्यास केला, तो २००२मध्ये प्रसिद्ध झाला. जागेपणीचा जवळजवळ एक तृतीयांश वेळ अभ्यासाशी बांधलेला होता आणि त्या वेळात मुलांची मनःस्थिती खालावलेली असायची. हे आठवीचं. दहावीत काय होत असेल ते सांगायला पाहणी लागत नाही. शिक्षणहक्क कायद्याने शाळेला मैदान हवं असं म्हटलं आहे, पण तो कायदा १४व्या वर्षी मुलाचा हात सोडतो. नेमक्या त्याच सुमाराला घरचेही संध्याकाळ काढून घेतात. २०१९मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने १४६ देशांतल्या शाळकरी मुलांची आकडेवारी मांडली, तेव्हा ११ ते १७ वयातली ८१ टक्के मुलं रोज तासभराची सुद्धा हालचाल करत नाहीत असं दिसलं. मुलींमध्ये हे प्रमाण ८५ टक्के.

दहावीच्या नावाने मैदान काढून घेणाऱ्या याच समाजाने दहावीसाठी मैदान परतही आणलं आहे, पण गुणांच्या रूपात. खेळात विशिष्ट पातळी गाठली तर वाढीव गुण मिळतात, चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांचे मिळतात, शास्त्रीय कला आणि लोककलेचेही मिळतात. हेतू चांगला होता. खेळणाऱ्या मुलाचं नुकसान भरून निघावं, एवढाच. व्हायचं ते झालं. चौथीपर्यंत भिंती रंगवणारी मुलगी आठवीत ‘इंटरमिजिएटच्या क्लास’ला जाते, स्थिरचित्रातली सुरई पाठ करते आणि श्रेणी मिळाली की रंगांची पेटी माळ्यावर टाकते. तबल्याच्या तीन परीक्षा झालेल्या मुलाला ‘वाजव की काहीतरी’ म्हटलं तर तो अभ्यासक्रमातला कायदा वाजवतो आणि थांबतो.

क्लास आणि तालीम यांच्यातला फरक फीमध्ये नाही. फी भरूनही उत्तम तालीम मिळते. फरक बघायचा असेल तर एक दिवस मुलाला घरी ठेवून बघा. क्लासला कळणार नाही. एखादा मेसेज येईल, ‘युवर वॉर्ड इज ॲब्सेंट टुडे’. तालमीत मात्र कोणाचा तरी खोळंबा होईल. नाटकातला हवालदार आला नाही तर चोराने पकडून घ्यायचं कोणाकडून? लेझीमच्या ओळीत खिंडार पडेल. मानवी मनोऱ्याचा तिसरा थर चढणारच नाही. मुलाच्या डोक्यात या खोळंब्याचा अर्थ फार सरळ जातो: माझ्यावाचून यांचं अडतं. कुमारवयात आपल्यावाचून कोणाचं तरी अडणं ही केवढी मोठी चैन आहे, हे आपण मोठे होऊन विसरतो. घरात तर आपल्यामुळेच सगळ्यांचं अडतंय असं त्याला उठता-बसता सांगितलं जात असतं.

मुलींच्या बाबतीत ही चैन आणखी दुर्मीळ. सातवीपर्यंत मुलांना हुलकावणी देणारी पोर आठवीत मैदानाच्या कडेला दिसते आणि नववीत दिसतच नाही. कारणं मोठी तात्त्विक नसतात. मैदानाजवळ मुतारी नाही. अंधार पडायच्या आत घरी पोचता येत नाही. त्या चार दिवसांत काय करायचं हे कोणाशी बोलायची सोय नाही. घरी पाणी भरायची वेळ आणि सरावाची वेळ एकच. ज्यांनी या बारीक गोष्टी सोडवल्या त्यांच्या मुली टिकल्या. मुंब्र्यात ‘परचम’ या गटाने २०१२मध्ये मुलींचा फुटबॉल सुरू केला, तेव्हा चेंडूच्या आधी जागेसाठी आणि घराघरातल्या परवानगीसाठी झगडावं लागलं. उस्मानाबादसारख्या, आज धाराशिव म्हणतो त्या, दुष्काळी जिल्ह्यातून सारिका काळे भारतीय खो-खो संघाची कर्णधार झाली आणि २०२०मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या महिला आणि पुरुष दोन्ही संघांनी तो जिंकला, आणि प्रियांका इंगळे व प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. त्या आठवड्यात मला कितीतरी जणांनी फोन करून विचारलं, ‘सर, आपल्याकडे अजून सराव चालतो का हो?’ चषकाचा एवढा उपयोग झाला तरी पुष्कळ. बाकी हजारांतल्या एकीला चषक मिळतो. उरलेल्या नऊशे नव्व्याण्णवजणींना संध्याकाळी साडेपाचला घराबाहेर पडायचं हक्काचं कारण मिळतं आणि माझ्या लेखी ते चषकाहून कमी नाही.

एवढं कौतुक केल्यावर दुसरी बाजू सांगितली नाही तर ही प्रस्तावना जाहिरात होईल. ‘एक गडी कमी पडतोय’ हे वाक्य नाक्यावरची टोळीही म्हणते. मिरवणुकीत दगड मारायलाही गडी लागतो. बारा वर्षांच्या पोराला दहीहंडीच्या सातव्या थरावर हेल्मेटशिवाय चढवणाऱ्यांनाही तोच गडी हवा असतो. तिथेही त्या मुलाला आपण हवेहवेसे आहोत असं वाटतं आणि ते खोटं नसतं. म्हणून तर तो चढतो. थरांवर १४ वर्षांखालच्या मुलांना चढवणार नाही, अशी हमी राज्य सरकारला २०१७मध्ये मुंबई उच्च न्यायालयात द्यावी लागली. आपणहून कोणाला ती सुचली नव्हती. अमेरिकेत मिशिगनमध्ये जॅकलिन एक्लस आणि बोनी बार्बर यांनी १९९९मध्ये दाखवलं की शाळेच्या संघातून खेळणाऱ्या मुलांचं शाळेत मन लागतं, निकालही बरा असतो, पण तीच मुलं दारूही जास्त पितात. संघ जवळ घेतो तेव्हा संघाच्या सवयींसकट घेतो.

म्हणजे आपलेपणाची ही ओढ दुधारी आहे. ती कोणाच्या हातात आहे, हा खरा प्रश्न. उपक्रम चालवणारा दादा किंवा ताई कोण, त्याला मुलाकडून काय हवंय, त्याच्यावर नजर कोणाची, हे पालकांनी विचारायलाच हवं. सर फार चांगले आहेत एवढ्यावर भागत नाही. मुलांवर होणाऱ्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२पासून आहे. बंद खोलीत एकट्या मुलाला एकट्या मोठ्या माणसाने थांबवून घ्यायचं नाही, बाहेरगावी जाताना मुलींबरोबर बाई हवीच, मुलाने तक्रार केली तर ती ऐकणारं तिसरं माणूस हवं, असे साधे नियम या पुस्तकातल्या बहुतेकांनी कटाक्षाने पाळलेले दिसतात. ते त्यांनी सविस्तर लिहिले, हे फार बरं झालं.

दुसरी मर्यादाही स्पष्ट म्हणायला हवी. बंगळूरच्या निम्हान्सने केलेल्या २०१५-१६च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ वयातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळले. अशा मुलाला ‘मैदानावर पाठव, आपोआप बरा होईल’ हा सल्ला दुष्टपणाचा आहे. नैराश्य हा आजार आहे, त्याला डॉक्टर लागतो, आणि सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक क्रीडाशिक्षकाच्या वहीच्या पहिल्या पानावर असायला हवा. मैदानाचं काम त्याआधीचं आहे. रोज भेटणाऱ्याला पोरगं बदललेलं आधी दिसतं. दोन महिने हसरं असलेलं मूल चपला सांभाळायला परत कडुलिंबाखाली जाऊन बसलं, तर तिथे कोणीतरी बघणारा पाहिजे.

आणि शेवटचं, रिकाम्या वेळाबद्दल. संघटित उपक्रम चांगले म्हणून आठवड्याच्या सातही संध्याकाळी भरून टाकणारे पालक मी शहरात बघतो. सोमवारी जलतरण, मंगळवारी कीबोर्ड, बुधवारी रोबोटिक्स. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारातलं ३१वं कलम मुलाला खेळाच्या आधी विश्रांतीचा आणि फुरसतीचा हक्क देतं. गच्चीवर नुसतं पडून आभाळ बघणं, कट्ट्यावर उगाच बसून एकमेकांच्या खोड्या काढणं यालाही वाढत्या वयात मोल आहे. आठवड्यातल्या दोन-तीन संध्याकाळी एकाच ठिकाणी, पण मुरेपर्यंत जायला मिळाल्या तर पुष्कळ झालं. दर तीन महिन्यांनी छंद बदलणाऱ्या मुलावाचून कुठेच काही अडत नाही.

या पुस्तकातले लेख क्रमाने वाचलेच पाहिजेत असं नाही. पालकांनी मुलींवरच्या प्रकरणापासून सुरुवात करावी. मंडळाचे कार्यकर्ते जमाखर्चाच्या आणि जागेच्या प्रकरणाकडे आधी वळतील, त्यांचं तेच दुखणं असतं. शिक्षकांनी मात्र हजेरीवरचं छोटं टिपण चुकवू नये. उपक्रम टिकतो तो उद्घाटनाने की दैनंदिन हजेरीने, यावर त्यात चार पानं आहेत आणि ती मला माझ्याचसाठी लिहिल्यासारखी वाटली.

कारण माझी ती जुनी हजेरीवही अजून माझ्याकडे आहे. मधे एकदा कपाट आवरताना उघडली. त्या मुलाच्या नावापुढे ओळीने तीन दिवस मी ‘गै.’ लिहिलेलं आहे, नीट, वळणदार अक्षरात. तेव्हा मी स्वतःला दक्ष शिक्षक समजत होतो. खो-खोत बसलेल्या गड्याला मनात आलं म्हणून उठता येत नाही. मागून कोणीतरी येऊन पाठीला हात लावून खो द्यावा लागतो. त्या तीन दिवसांत एसटी स्टँडवर बसलेल्या पोराच्या मागे मी गेलो नव्हतो. मी हजेरी घेत होतो. वाट मुलं बघत होती.